एमिल झाटोपेकचे सगळे विक्रम मोडले. मग त्याचं उरलं काय?

चिंचेचं_झाड
गेले दोन आठवडे डोक्यात एकच माणूस घोळतोय, म्हणून धागा काढतेय.

मी शाळेत शिकवते, वय 52. चार वर्षांपूर्वी चालता चालता पळायला लागले. परवा आमच्या गटातला एक मुलगा पळताना म्हणाला, "काकू, चेहरा सैल सोडा, खांदे खाली घ्या. तुमची निम्मी ताकद तोंड वाकडं करण्यात जाते." घरी येऊन सांगितलं तर आमचे बाबा (वय 84) हसले आणि म्हणाले, "त्याला सांग, झाटोपेकचा फोटो बघ."

बाबांनी हे नाव शाळेत असताना ड्रिलच्या मास्तरांकडून ऐकलेलं. मास्तर मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे आणि धापा टाकणाऱ्या पोराला "काय रे झाटोपेक!" म्हणून हाक मारायचे. बाबांना कित्येक वर्षं वाटत होतं की ही काहीतरी शिवी आहे.

मग मी बसून वाचलं. चेकोस्लोव्हाकियातल्या कोप्रिव्हनित्से गावात 19 सप्टेंबर 1922 ला जन्म, घरात भरपूर भावंडं. सोळाव्या वर्षी झ्लिनला बाटाच्या बुटांच्या कारखान्यात कामाला लागला. पळण्याची मुळीच आवड नव्हती. कारखान्यातल्या खेळाच्या मास्तरांनी चार पोरांना शर्यतीत उतरायला सांगितलं. हा म्हणाला, माझी तब्येत बरी नाही. डॉक्टरांनी तपासून ठणठणीत ठरवला. नाइलाजाने पळाला आणि दुसरा आला. तिथून पुढे 1948 च्या लंडन ऑलिंपिकमधे 10,000 मीटरचं सुवर्ण आणि 5000 चं रौप्य. 1952 ला हेलसिंकीत आठ दिवसांत 5000, 10,000 आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं, त्यातली मॅरेथॉन आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. हे त्रिकूट त्याच्याआधी कुणाला जमलं नव्हतं, नंतरही जमलेलं नाही. सगळे मिळून 18 विश्वविक्रम.

त्या अठरातला एकही आज शिल्लक नाही, असणारही नाही. तरी 84 वर्षांच्या माणसाच्या तोंडी साताऱ्यात ते नाव आहे. माझा प्रश्न एवढाच: लांब पल्ल्याच्या धावपटूचा विक्रम मोडला की मागे काय राहतं? तुम्हाला काय वाटतं?

मुलुंडकर
मस्त विषय. आधी चहा, मग सविस्तर लिहितो.

गणितमास्तर
आकड्यांत सांगतो. 1 जून 1954 ला ब्रसेल्समधे झाटोपेक 10,000 मीटर 28:54.2 मधे पळाला. 29 मिनिटांच्या आत येणारा जगातला पहिला माणूस. म्हणजे 400 मीटरची एक फेरी साधारण 69.4 सेकंदांत, अशा सलग 25 फेऱ्या. 2020 मधे युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईने हेच अंतर 26:11.00 मधे कापलं, फेरीला 62.8 सेकंद. दोघांना एकाच ट्रॅकवर उभं केलं तर चेप्तेगेई संपवेल तेव्हा झाटोपेक सुमारे 940 मीटर मागे असेल, दोन फेऱ्यांहून जास्त.

पण झाटोपेकचा ट्रॅक कोळशाच्या राखेचा होता, पाऊस पडला की चिखल. पायात चामड्याचे जड बूट. पुढे वेग राखून देणारे साथीदार नाहीत, ट्रॅकच्या कडेला वेग दाखवत लुकलुकणारे दिवे नाहीत. आणि दोनच दिवस आधी, 30 मे ला, पॅरिसमधे त्याने 5000 मीटरचाही विश्वविक्रम केला होता, 13:57.2. दोन दिवसांत दोन विक्रम, मधे प्रवासही.

सायली_प
940 मीटर!! पण मास्तर, तुम्हीच सांगितलेली ती राख आणि चिखल ऐकून मला उलट तोच पुढे वाटायला लागलाय.

वाटसरू_कराड
चिंचेचं_झाड ताई, साताऱ्यात ते नाव पोचलं याचं मला मुळीच नवल नाही. 1952 ची हेलसिंकी आमच्या घरची आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं ते तिथेच, 23 जुलैला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तारखा एकमेकांशेजारी ठेवून बघा: 20 ला झाटोपेकचं 10,000 चं सुवर्ण, 23 ला खाशाबांचं कांस्य, 24 ला झाटोपेकचं 5000 चं सुवर्ण, 27 ला मॅरेथॉन. 1948 ला लंडनमधेही दोघे होते. खाशाबा तिथे सहावे आले होते.

आमच्याकडे खाशाबांची गोष्ट सांगताना खर्डेकर प्राचार्यांचं नाव घेतल्याशिवाय ती पुरी होत नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. गावोगावी वर्गणी झाली ती वेगळीच. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तुमच्या बाबांच्या मास्तरांनी हेलसिंकीच्या बातम्या वाचल्या असणार त्या खाशाबांसाठी, आणि त्याच पानावर झाटोपेक भेटला असेल. हा माझा आपला अंदाज.

चिंचेचं_झाड
वाटसरू_कराड, अंगावर काटा आला. बाबांना विचारते.

निवृत्त_फौजी
तो चेकोस्लोव्हाक सैन्यातला होता हे कुणी बोललं नाही अजून. महायुद्ध संपल्यावर फौजेत गेला आणि सरावही फौजी बुटांवरच केला. बर्फात, जंगलात, रात्री हातात टॉर्च घेऊन. आम्ही बीपीईटीला (फौजेतली शारीरिक क्षमतेची चाचणी) बूट, पाठीवर पिट्टू, रायफल घेऊन पाच किलोमीटर पळायचो. शेवटच्या किलोमीटरला बूट हे बूट राहत नाहीत, पायाला बांधलेल्या विटा होतात. हा माणूस रोज, आपखुशीने, त्याच बुटांवर 400 मीटरचे तुकडे पळत होता. पुढे पातळ बूट घालून ट्रॅकवर उतरला की पाय हलके लागायचे, असा त्याचा हिशेब.

1946 ची एक गोष्ट माझी आवडती. बर्लिनमधे दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांच्या स्पर्धा होत्या. हा प्रागहून सायकल मारत गेला. संचलनात 'चेकोस्लोव्हाकिया'च्या पाटीमागे हा एकटाच. प्रेक्षक हसले. मग 5000 मीटरची शर्यत सुरू झाली आणि याने जवळजवळ सगळ्यांना एक फेरी मागे टाकलं. त्यानंतर उभं राहून टाळ्या वाजवल्या त्याच लोकांनी.

तिखट_मीठ
प्राग ते बर्लिन सायकलवर!! 350 किमीच्या आसपास असेल. आणि मग शर्यत. आपण इथे शर्यतीच्या आदल्या दिवशी जिना चढावा की नाही यावर चर्चा करतो.

मुलुंडकर
चहा झाला. आता लिहितो.

सगळ्यात आधी त्याचा सराव, कारण बाबांचे मास्तर फेऱ्या मारायला लावायचे त्यात झाटोपेक खरोखर हजर आहे. त्या काळी लांब पल्ल्याचे धावपटू बहुतेक एकाच संथ वेगाने लांब पळत. याचं म्हणणं असं की संथ पळायला मला येतंच, मला शिकायचंय ते वेगात पळायला. म्हणून 400 मीटर जोरात, मग 200 मीटर हळू, परत 400 जोरात. आधी दहा, मग वीस, मग चाळीस. पुढे पुढे दिवसाला शंभरपर्यंत, पन्नास सकाळी आणि पन्नास संध्याकाळी. शंभर वेळा चारशे म्हणजे नुसते जोराचेच 40 किलोमीटर. हे एक दिवस नाही, लागोपाठ काही दिवस.

कामावरून घरी जाताना रस्त्याला पॉपलरची झाडं होती. पहिल्या दिवशी चौथ्या झाडापर्यंत श्वास रोखायचा, मग पाचव्या, मग सहाव्या. शेवटच्या झाडापर्यंत पोचला त्या दिवशी चक्कर येऊन पडला. कपडे धुवायचे झाले की बाथटबमधे साबणाचं पाणी करून त्यावर जागच्या जागी पळायचा. बायकोला पाठुंगळीला घेऊन पळायचा.

आजचे आमचे कोच 'रविवारी लाँग रन, बुधवारी इंटर्व्हल' (म्हणजे असेच जोराचे तुकडे) म्हणतात तेव्हा त्या बुधवारच्या मागे हा माणूस उभा आहे. त्याचे विक्रम मोडले ते त्याच्याच पद्धतीने पळून. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर.

गणितमास्तर
मुलुंडकर, एक दुरुस्ती. इंटर्व्हल त्याने शोधून काढलेलं नाही. जर्मनीत वॉल्डेमार गेर्शलर तिसाच्या दशकात ते करून घेत होते आणि त्यांच्या रुडॉल्फ हार्बिगने 1939 ला 800 मीटर 1:46.6 मधे मारून जगाला थक्क केलं होतं. त्याआधी फिनलंडचे पाव्हो नुर्मीही तुकड्यांत सराव करत, आणि नुर्मी हे तर झाटोपेकचं दैवत. हेलसिंकीच्या स्टेडियमवर ज्योत घेऊन आले ते 55 वर्षांचे नुर्मीच. झाटोपेकने केलं ते असं की तुकड्यांची संख्या कुणाच्या कल्पनेत नव्हती तिथवर नेली, आणि त्यातून माणूस मोडत नाही हे स्वतःच्या अंगावर सिद्ध केलं.

मुलुंडकर
मान्य. 'शोधलं' नव्हे, 'टोकाला नेलं'.

पायवाट_फिजिओ
कळकळीची विनंती: हे वाचून कुणी उद्या सकाळी वीस चारशे मारायला जाऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या धावपटूंच्या पोटऱ्या आणि टाचेचा स्नायुबंध नेमका अशाच सकाळी दुखावलेला असतो. आधी दोन-तीन महिने आठवड्याला 20-25 किलोमीटर सहज पळता आलं पाहिजे, मग चार किंवा सहा तुकडे, तेही पूर्ण जोर न लावता. झाटोपेकचं शरीर कारखान्यात आणि फौजेत वर्षानुवर्षं घडलेलं होतं.

आणि चिंचेचं_झाड ताई, तुमच्या गटातला मुलगा खांद्यांबद्दल बरोबर बोलला. चेहऱ्याचं मात्र सोडून द्या. झाटोपेकची मान एका बाजूला कललेली, जीभ बाहेर, चेहऱ्यावर कुणी सुरा खुपसल्यासारखी वेदना. पाहणाऱ्यांना वाटायचं आता कोसळणार. कमरेखाली मात्र पाय घड्याळासारखे. त्याला विचारलं की तो म्हणायचा, पळणं आणि हसणं एकदम जमण्याइतकी हुशारी माझ्यात नाही.

चिंचेचं_झाड
हे वाक्य त्या मुलाला पाठवलंय. त्याने दोन हात जोडलेले पाठवलेत.

सायली_प
हेलसिंकीच्या 5000 मीटरची शेवटची फेरी कुणी बघितली नसेल तर आजच बघा, चित्रफीत सहज मिळते. घंटा वाजते, झाटोपेक जोर लावतो, आणि पलीकडच्या सरळ पट्टीत तिघे जण त्याला मागे टाकतात: ब्रिटनचा ख्रिस चॅटवे, जर्मनीचा हर्बर्ट शाडे आणि फ्रान्सचा अ‍ॅलँ मिमू. हा चौथा. वाटतं संपलं. मग शेवटच्या वळणावर हा बाहेरच्या बाजूने येतो, तोंड उघडं, हात वेडेवाकडे, आणि एका झटक्यात तिघांना ओलांडतो. चॅटवेचा पाय कडेला अडखळतो आणि तो पडतो. झाटोपेक 14:06.6, ऑलिंपिक विक्रम.

मी हे किमान तीस वेळा बघितलंय. निकाल ठाऊक असूनही त्या पट्टीत दर वेळी पोटात खड्डा पडतो.

आणि त्याच दिवशी त्याची बायको डाना झाटोपकोवा हिने भालाफेकीत 50.47 मीटर फेकून सुवर्ण जिंकलं! नवऱ्याचं पदक शकुन म्हणून पिशवीत ठेवून ती मैदानावर उतरली होती. दोघांची जन्मतारीख एकच, 19 सप्टेंबर 1922. पत्रकारांपुढे एमिल म्हणाला की माझ्या विजयानेच हिला स्फूर्ती मिळाली. डाना म्हणाली, अस्सं? मग जा, दुसऱ्या एखाद्या मुलीला स्फूर्ती दे आणि बघ ती पन्नास मीटर फेकते का.

काळी_माती
डानाताई जिंदाबाद.

निवृत्त_फौजी
मॅरेथॉनचं पण लिहा कुणीतरी. ब्रिटनच्या जिम पीटर्सने सहाच आठवड्यांपूर्वी जगातली सर्वोत्तम वेळ नोंदवली होती. झाटोपेकला मॅरेथॉन कशी पळतात ते माहीत नव्हतं, म्हणून त्याने पीटर्सला गाठून ओळख करून घेतली आणि त्याच्या बरोबर राहिला. मधेच विचारलं, वेग ठीक आहे ना? पीटर्स स्वतः दमला होता, त्याला गंडवायला म्हणाला, हळू आहे. झाटोपेकने ते खरं मानलं आणि पुढे निघून गेला. पीटर्स पायात गोळे येऊन शर्यतीबाहेर पडला. झाटोपेक 2:23:03 मधे आत आला, दुसऱ्यापेक्षा अडीच मिनिटं आधी. जमैकाच्या रिले संघाने त्याला खांद्यावर घेऊन मैदान फिरवलं.

त्याच शर्यतीत आपले सुरतसिंग माथूर होते, दिल्लीचे. 2 तास 58 मिनिटांत पूर्ण केली. त्यांचं नाव कुणी घेत नाही म्हणून घेतोय.

वाटसरू_कराड
फौजी काका, मग आमच्या बाजूच्या फडेप्पा चौगुल्यांचं पण घ्या. बेळगाव भागातले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकरी पोरं अनवाणी पळताना बघून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकला संघ पाठवायचं आलं. 1920 च्या अँटवर्पला चौगुले मॅरेथॉन पळाले आणि 19 वे आले, वेळ 2:50:45. शंभर वर्षं झाली.

निवृत्त_फौजी
घेतलं. आणि फौजेतले शिवनाथ सिंग. बक्सरकडचे. पायाला नुसती चिकटपट्टी गुंडाळून अनवाणी पळायचे. 1976 ला माँट्रियल ऑलिंपिकमधे मॅरेथॉनला 11 वे, 1978 ला जालंधरमधे 2:12:00. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. पण इतका टिकला याचा अभिमान वाटावा की मागच्यांची काळजी वाटावी, मला अजून ठरवता आलेलं नाही. विक्रम मोडायला हवेत हो. झाटोपेकचे मोडले हे चांगलंच झालं.

तिखट_मीठ
थोडं विरुद्ध लिहिणार आहे, रागावू नका.

इथे सगळे त्याला संत करून ठेवताय. 1950 मधे चेकोस्लोव्हाकियात मिलाडा होराकोवा या राजकारणी बाईंना खोट्या खटल्यात फाशी झाली, तेव्हा शिक्षेचं समर्थन करणारं निवेदन झाटोपेकच्या नावाने सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्रात छापून आलं. राजवटीने त्याला मिरवलं, बढत्या दिल्या, कर्नल केलं. 1968 मधे राजवटीत सुधारणा मागणाऱ्या 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्यावर त्याने सही केली, ऑगस्टमधे रशियन रणगाडे प्रागमधे शिरले तेव्हा चौकात उभं राहून सैनिकांशी बोलला, हे खरं आणि मोठं आहे. पण 1971 मधे त्याने जाहीरपणे माघार घेतली. त्याच कागदावर सही करणारी जिम्नॅस्ट व्हेरा चास्लाव्हस्काने शेवटपर्यंत सही मागे घेतली नाही आणि वर्षानुवर्षं त्याची किंमत मोजली. तुलना करायची तर तिची मान ताठ राहिली. विक्रमाच्या पलीकडचं काही मोजायचं असेल तर हेही मोजा.

सायली_प
हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

प्रागहून_पत्र
बरेच दिवस नुसती वाचक होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं. बारा वर्षं प्रागमधे राहते.

तिखट_मीठ यांनी लिहिलेलं खोटं नाही. इथले लोकही हे बोलतात, आणि दबक्या आवाजात नाही, उघड बोलतात. माझ्या शेजारच्या आजींनी तो काळ पाहिलाय, त्या चास्लाव्हस्काचं नाव काढलं की उठून बसतात. पण झाटोपेकबद्दल राग नाही त्यांच्या बोलण्यात. 1968 नंतर त्याला फौजेतून काढलं, पक्षातून काढलं. मग पाच-सहा वर्षं तो जमिनीत भोकं पाडून पाण्याचे आणि खनिजांचे साठे शोधणाऱ्या टोळीत मजूर होता. शहराबाहेर, लाकडी डब्यात राहायचं, शनिवार-रविवार डानाकडे यायचं. चार सुवर्णपदकांचा धनी पन्नाशीत खड्डे खणत होता. 1990 मधे, राजवट गेल्यावर, त्याची बदनामी अधिकृतपणे पुसली गेली.

नोव्हेंबर 2000 मधे तो गेला. रोझनोव्हला, त्याच्या जन्मगावापासून फार लांब नाही, डोंगरी वस्तीच्या जुन्या लाकडी घरांच्या संग्रहालयाला लागून असलेल्या दफनभूमीत त्याची जागा आहे. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा कुणीतरी पळण्याचे बूट घातलेलं तिथे उभं होतं.

काळी_माती
माझे वडील आणीबाणीत तुरुंगात होते. बराकीतले काही जण लिहून देऊन सुटले. कुणाची बायको आजारी, कुणाचा धंदा बुडालेला, कुणी नुसतं थकलेलं. वडिलांनी लिहून दिलं नाही. पण त्या लोकांबद्दल त्यांनी आयुष्यभर एक वाकडा शब्द काढला नाही आणि आम्हालाही काढू दिला नाही. म्हणायचे, लिहून घेणाऱ्याबद्दल बोला. झाटोपेकच्या माघारीबद्दल मला इतकंच म्हणता येतं. चास्लाव्हस्काला मात्र साष्टांग नमस्कार.

तिखट_मीठ
काळी_माती, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. 1950 चं निवेदन मला अजून टोचतं, ते टोचत राहील. पण 1971 बद्दल मी जास्त कठोर झालो हे कबूल.

आणि त्याच्या बाजूनेही एक गोष्ट माझ्याकडे आहे, ती लपवणं बरोबर नाही. हेलसिंकीला निघताना स्टानिस्लाव युंगविर्थ या धावपटूचं नाव संघातून काढलं, कारण त्याचे वडील राजकीय कैदी. झाटोपेक म्हणाला, तो नाही तर मीही नाही, आणि विमानात बसलाच नाही. ही हुकूमशाहीतली गोष्ट आहे, स्वतःचं आयुष्य पणाला लावण्यासारखी. शेवटी अधिकाऱ्यांनी माघार घेतली, दोघे मागून गेले. त्याच युंगविर्थने 1957 मधे 1500 मीटरचा विश्वविक्रम केला. म्हणजे झाटोपेक त्या दिवशी विमानात बसला असता तर कदाचित तो विक्रमही झाला नसता.

मुलुंडकर
वा, तिखट_मीठ. हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. आता मी राखून ठेवलेलं लिहितो.

ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क. साठच्या दशकात लांब पल्ल्याचे 17 विश्वविक्रम त्याच्या नावावर, पण ऑलिंपिक सुवर्ण नाही. 1964 ला टोकियोत 10,000 मीटरला कांस्य, बस. 1966 मधे तो प्रागला शर्यतीसाठी गेला. झाटोपेकने पाहुणचार केला, शहर फिरवलं, विमानतळावर सोडायला गेला आणि निघताना हातात एक छोटी पुडी दिली, म्हणाला देश सोडेपर्यंत उघडू नकोस. क्लार्कला वाटलं, बाहेर न्यायला काहीतरी चोरटा कागद दिलाय. विमान उडाल्यावर उघडलं तर आत झाटोपेकचं 1952 चं 10,000 मीटरचं सुवर्णपदक. क्लार्कच्या नावाची अक्षरं त्यावर कोरून घेतलेली.

दोन वर्षांनी मेक्सिकोच्या विरळ हवेत क्लार्क 10,000 मीटरला सहावा आला आणि शेवटच्या रेषेवर बेशुद्ध पडला. सुवर्ण त्याला मिळालं नाही ते नाहीच. ती एक पुडी मात्र होती.

गणितमास्तर
मला ही गोष्ट ठाऊक होती आणि दर वेळी एक शंका येते. जिंकलेलं पदक असं दुसऱ्याला देता येतं का? त्यात डानाचाही वाटा नव्हता का, देशाचा नव्हता का?

सायली_प
मास्तर, डाना काय म्हणाली असती ते आपल्याला वरच्या भालाफेकीवरून कळतंय. तिने परवानगी दिली नसती तर पदक प्रागच्या बाहेर गेलं नसतं.

पायवाट_फिजिओ
आणि मिमूची गोष्ट राहिली. 1948 आणि 1952 मिळून तीन वेळा तो झाटोपेकच्या मागे दुसरा आला. 1956 ला मेलबर्नमधे मॅरेथॉन. झाटोपेकचं काही आठवड्यांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. मिमू जिंकला आणि घरी न जाता शेवटच्या रेषेपाशी थांबून राहिला. झाटोपेक सहावा आला, भान हरपल्यासारखा. मिमू म्हणाला, एमिल, मी जिंकलो, अभिनंदन नाही करणार? झाटोपेकने टोपी काढली, सलाम ठोकला आणि त्याला मिठी मारली. मिमू पुढे सांगायचा की ती मिठी मला पदकाहून मोठी वाटली.

चिंचेचं_झाड
काल रात्री सगळा धागा मोठ्याने बाबांना वाचून दाखवला. दीड तास लागला, मधे दोनदा त्यांनी थांबवलं. खाशाबांच्या ठिकाणी थांबवून म्हणाले, बरोबर, मास्तर कुस्तीचे शौकीन होते, खाशाबांचं कात्रण त्यांच्या खोलीत भिंतीला चिकटवलेलं होतं. वाटसरू_कराड, तुमचा अंदाज खरा निघाला. दुसऱ्यांदा काळी_माती यांच्या प्रतिसादाला. तिथे काही बोलले नाहीत, पाणी मागितलं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मी विक्रमांच्या यादीत शोधत होते. धागा वाचताना लक्षात आलं की इथे 28:54.2 एकदाच आला, गणितमास्तरांच्या प्रतिसादात. बाकी सगळ्यांनी लिहिलं ते सायकलबद्दल, बुटांबद्दल, विमानात न बसण्याबद्दल, पुडीबद्दल. आणि तिखट_मीठ यांनी लिहिलेल्या त्या निवेदनाबद्दलही, ते लिहिलंत हे बरं केलंत. मला तो आता मास्तरांच्या शिवीतला झाटोपेक वाटत नाही, चुका करणारा, ओळखीचा माणूस वाटतो.

बाबांचं उत्तर वेगळं आहे. ते म्हणाले, आमच्या वर्गातली सगळी पोरं त्या मैदानाला फेऱ्या मारून मोठी झाली, त्यातल्या कुणाचाही विक्रम नाही.

पायवाट_फिजिओ यांच्या अटी पाळून मी सहा चारशे मारायचं ठरवलंय. मैदान आमच्या शाळेचं, 400 चा ट्रॅक नाही, पण चुन्याने 200 ची फेरी आखून घेतलीय. शाळेची परवानगी काढलीय. कुणी येणार असेल तर सांगा.

निवृत्त_फौजी
कराडहून निघालो तर पोचायला तास लागेल. येतो. वेळ मी धरीन, घड्याळ जुनं आहे पण चुकत नाही.

वाटसरू_कराड
फौजी काका, माझ्या गाडीत जागा आहे.

सायली_प
मी पण!! ताई, बाबांना खुर्ची टाकून बसवा ना मैदानात. त्यांनी हाक मारायला पाहिजे.

चिंचेचं_झाड
तेच म्हणतायत की मी येणार. रविवारी, फाटक पावणेसहाला उघडते, किल्ली माझ्याकडे आहे.